समुद्री चाच्यांचा मध्यस्थ

सेवेतल्या पुष्कळ प्रकरणांचे तपशील आता पुसट झाले आहेत, पण हे एक अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं. तेव्हा मी आदिलाबाद जिल्ह्यात पोलिसांत सर्कल इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच गुडीहत्नूरकडच्या एक शिक्षिका सासऱ्यांना घेऊन स्टेशनात आल्या. त्यांचे यजमान मालवाहू जहाजावर फिटर होते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ हत्यारबंद चाच्यांनी जहाजावर चढून त्यांना आणि काही खलाशांना उचलून नेलं होतं. पूर्वी चाचे अख्खं जहाज अडकवून ठेवत, आता तिकडे माणसंच पळवतात, हे मला बाईंनीच समजावलं.

आता एकजण हिंदीतून फोन करत होता. आपण चाच्यांचे मध्यस्थ आहोत, खंडणी द्या, पोलिसांकडे गेलात तर प्रेत मिळेल, असं सांगत होता.

"तक्रार लिहू नका, साहेब. पोरगा जाईन आमचा," सासरे म्हणाले.

"लिहा," बाई म्हणाल्या.

भैंसा गावातल्या आमच्या खबऱ्यानं माहिती दिली की एक माणूस दुसऱ्यांच्या नावावर सिमकार्डं घेतो आणि जहाजांच्या गोष्टी करतो. फोनचं लोकेशनही तिथलंच निघालं. त्याला लगेच उचलता आलं असतं. पण तो खरोखरच मध्यस्थ असेल तर? आमच्या अटकेपायी तिकडे एखाद्याचा जीव गेला असता.

बाई म्हणाल्या, "धरायच्या आधी मले एकदा बोलू द्या."

पुढचा फोन त्यांनी माझ्या खोलीत घेतला. रक्कम जमवतो आहोत, एवढं बोलून त्यांनी निरोप दिला, "उनको बोलो, बेटी का बुखार उतर गया."

दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, "बता दिया. बेटी का नाम लेके बहुत रोया."

बाईंनी फोन ठेवला. "आमाले पोरगी नाही, साहेब. एकच पोरगा हाय."

भामटा उघडा पडला म्हणून माझे सहकारी खूश झाले. बाई मात्र हळूच म्हणाल्या, "मंजे ते जित्ते हायेत का, हे सांगणारं आता कोनीच नाही."

मी म्हणालो, "थोडं थांबू या का?"

"काऊन थांबायचं? धरा त्याले. दुसऱ्यायच्या घरीबी फोन करत असन."

त्याच दुपारी आम्ही त्याला ताब्यात घेतलं. चौकशीत सुरुवातीला तो आम्हालाच धमकावत होता. मी फिटरच्या मुलीचं नाव विचारलं. त्यानं बेधडक एक नाव सांगितलं. मुलगीच नाही म्हटल्यावर त्यानं सगळं कबूल केलं. खलाशांची भरती करणाऱ्या एका दलालाकडे तो कामाला होता. घरच्यांचे नंबर त्यानं तिथूनच उचलले होते. बाईंचा अंदाज खरा ठरला. आणखी काही घरांनाही तो असाच छळत होता.

पुढे बऱ्याच दिवसांनी जहाज कंपनीच्या प्रयत्नांतून फिटर सुटले. दोघं नवरा-बायको मला भेटायला आले, तेव्हा फिटर फार वाळले होते. हल्ला झाला तेव्हा बाकीचे इंजिनरूममध्ये दार लावून घेत होते, पण एक जखमी सोबती बाहेर राहिला म्हणून हे परत गेले होते.

"त्याले आत ढकललं अन् मी सापडलो," एवढंच ते बोलले.

हत्यारबंद माणसांपुढे ते उभे राहिले, आणि इकडे त्यांच्या पत्नीनं आपल्या हातातला, खोटा का असेना, एकमेव धागा दुसऱ्यांसाठी तोडला. कोणाचं धैर्य मोठं, हे मला ठरवता येत नाही. अपहरणाच्या फिर्यादीत घरच्या माणसाला फक्त जबाबापुरतं बोलवायची आमची पद्धत होती. या प्रकरणानंतर मी पहिली खुर्ची घरच्यांना देऊ लागलो आणि पहिला प्रश्न हाच विचारू लागलो, "तुम्हाला काय वाटतं?"