मासळीपुढचं तिसरं नाव
निलगिरीच्या तेलाचा वास आला की मला नागावच्या आमच्या खाणावळीतला तो शनिवार आठवतो. तापाची साथ होती आणि मी छातीला निलगिरीचं तेल चोळून गोधडीत कुडकुडत पडले होते. मुक्कामाला देतो त्या तिन्ही खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या, दुपारी बाराजण जेवायला, आणि घरात मासळीचा तुकडा नव्हता. मासळी आणणं माझंच काम. घासाघीस दुसऱ्या कुणाला जमणार नाही या तोऱ्यात मी सुनेला कधी बंदरावर नेलंच नव्हतं. ती म्हणाली, "आई, पिठलं टाकू?" मी तापातही ओरडले, कारण इतक्या वर्षांत कमावलेलं नाव त्या पिठल्यात बुडणार होतं. तेवढ्यात मागच्या दारी टोपली आपटली. माझ्यासाठी राखलेली पापलेटं एकदा भलत्यालाच विकणारी कोळीण आली होती. तिच्याशी मी दोन वर्षं बोलत नव्हते. "सकाळी बंदरावर तुझी कटकट ऐकू आली न्हाय, तवाच समजलं," ती म्हणाली. "हलवा हाय, ताजा मासा. भाव बोल." मी पडल्यापडल्या निम्मा भाव सांगितला. "ही काय मरत न्हाय गो," ती सुनेला म्हणाली, आणि अंगणात बसून तिला कल्ले उघडून ताजी मासळी ओळखायला शिकवू लागली. आता साथ येवो की वादळ, स्वयंपाकघराच्या दारामागे यादी लावलेली आहे आणि प्रत्येक कामापुढे दोन नावं आहेत. फक्त मासळीपुढे तीन आहेत: माझं, सुनेचं आणि त्या कोळणीचं. पापलेटांचं मात्र मी अजून विसरलेले नाही.