तबकडीवर बाबांचं नाव

नातीनं परवा फोनवर गाणं लावलं. चार पोरं गिटारी बडवत होती आणि एक जण गळा फाडून ओरडत होता. म्हणाली, "आजोबा, याला पंक म्हणतात. कंपनी-बिंपनी काही नाही, रेकॉर्ड स्वतःच काढतात." मी म्हटलं, "बेटा, हे तर मी पण केलंय. त्यात बापाला बुडवलं, बस." ती हसली. सगळेच हसतात, माझं तोंडच तसं आहे.

मध्य प्रदेश तेव्हा आमच्यासारखाच पोरसवदा होता. आम्ही चौघं. महूचा एक गिटारवाला, त्याचे वडील फौजेच्या बँडात. एक ढोलवाला, लग्नाच्या बँडमधून पळालेला. एक गाणी लिहिणारा, कॉलेजला जायचा. आणि मी. तिसरीत दोनदा नापास होऊन मी शाळा सोडली, तेव्हा मास्तरांनीच हुश्श केलं. मला सूर नाही, ताल नाही, वाजवायला काही येत नाही, म्हणून मला गायक केलं. गिटारवाला म्हणायचा, "भिया, तू गाऊ नको. तू सिर्फ चिल्लाव." ते जमायचं.

बाबा इंदूरच्या कापडमिलमध्ये बदली होते. म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं. कोणी गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, काम मिळायचं, नाहीतर भरलेला डबा घेऊन घरी यायचं. अकरा वर्षं हेच. आत कोणाला घ्यायचं ते जाबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ठरवायचा, आणि जाबरच्या घरी कोणाकडून तूप पोचलं त्यावर त्याचं मन ठरायचं. पण त्या वर्षी तो स्वतःहून बाबांना बोलला होता, "गणपती निपटू द्या, दादा. तुम्हाला कायम करून टाकू." आई तर रोज देवाला हात जोडत होती.

आमच्या लिहिणाऱ्यानं नेमकं त्यावरच गाणं केलं. 'तूप दे, साचा घे!' एवढंच, वीस वेळा. त्यात नाव कोणाचंच नव्हतं. इंदुरात मिली किती आणि जाबर किती! कोणी स्वतःवर ओढून घेतलं नसतं.

पण मी होतो ना. महूला गिटारवाल्याच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून टेप केलं, तेव्हा मी माझी अक्कल चालवली. लग्नाच्या बँडचा रिवाज असतो, वाजवायच्या आधी पैसे देणाऱ्याचं नाव मोठ्यानं पुकारायचं, अमुकजींच्या तर्फे! मला वाटलं, आपल्या बापाचं नाव कधी कोणी पुकारलं? टेप फिरायला लागल्याबरोबर मी दम भरून ओरडलो, बाबांचं पूर्ण नाव, आडनावासकट, मिल कोणती, साचेखातं, बदली कामगार, यांच्या तर्फे! कोणी थांबवलं नाही. लिहिणारा उलट म्हणाला, "वा, एकदम असली वाटतं." एवढं शिकून त्यालाही काय फायदा झाला मग.

टेप मुंबईला पाठवून तबकड्या करून आणल्या. पाकिटं घरीच खाकी कागदाची चिकटवली. बँडच्या नावाचा ठप्पा मारायचं काम माझं. अर्धे ठप्पे उलटे बसले. लोक समजले, स्टाइल आहे.

मग मिलच्या गणपतीत कार्यक्रम मिळाला. मंडळानं पाटीवर 'आर्केस्ट्रा' लिहिलं होतं, म्हणून बायका सतरंजीवर जागा धरून बसलेल्या. पुढच्या खुर्चीवर हार घालून जाबर, आरतीचा मान त्याचा. मागे खांबाशी बाबा, चार सोबत्यांना मुद्दाम घेऊन आलेले. मी तबकडीवर होतं तसंच नाव पुकारलं. बाबांनी बाजूवाल्याला कोपर मारलं आणि हसले. मग 'तूप दे' सुरू झालं. दुसऱ्या ओळीला त्यांचं हसू गेलं. मी डोळे मिटून चिल्लावत होतो. उघडले तेव्हा खांबाशी कोणी नव्हतं.

जाबर रागावला नाही, तेच वाईट. टाळ्या वाजवल्या, म्हणाला, "शाबास पठ्ठे! एक तबकडी आम्हाला पण दे." मी गाढव, वरून सही करून दिली, मला सहीच काय ती येत होती.

दुसऱ्या दिवसापासून बाबांना आत घेतलं नाही. त्यांच्या मागचे जायचे, पुढचे जायचे. डबा भरलेलाच परत. तीन आठवडे. घरात मला कोणी एक शब्द बोललं नाही. मार खायची तयारी होती माझी, पण मारही मिळेना.

शेवटी मामांनी सिमरोलहून पाठवलेला तुपाचा डबा उचलला आणि जाबरच्या घरी गेलो. पायच धरले. त्यानं डबा पाहिला, आतून आमची तबकडी आणली, ग्रामोफोनवर लावली. माझाच आवाज. बाबांचं नाव. मग म्हणाला, "आता हे कसं घेऊ बेटा? तूच तर गावभर सांगितलं."

डबा घेऊन परत आलो. बाबा ओट्यावर होते.

"कुठे गेला होतास?"

मी सांगितलं.

"गाणं म्हटलंस तेव्हा बोललो का काही तुला?"

"नाही."

"मग हे कशाला नेलंस? अकरा वर्षं मी नाही नेलं."

एवढंच बोलले. सकाळी भोंगा वाजला, आईनं डबा भरून ठेवला, पण बाबा उठले नाहीत. नंतरही कधी त्या फाटकाशी गेले नाहीत, बडा गणपतीच्या देवळाजवळ एका दुकानात ओझी उचलायला लागले. त्या तुपाला त्यांनी बोट लावलं नाही, आईनंही नाही. मी मात्र पोळीवर घेऊन सगळं खाल्लं.