वजन घेणाऱ्या मावशी

पेशंटला काट्यावर उभं करण्याआधी मावशी त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवत. बरगड्या संपतात तिथं, कण्याच्या दोन्ही बाजूंना, चार बोटं दाबून. पेशंटला वाटे, बाई मायेनं विचारपूस करताहेत. सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं. बाईंची तपासणी तेवढ्यात उरकलेली असे, हे मला फार उशिरा कळलं.

मी आहारतज्ज्ञ. गारखेड्यात एका नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझं छोटं क्लिनिक होतं. तेव्हा आमच्याकडे इमारती भराभर उठत होत्या आणि त्यांच्या पायथ्याशी पाण्याच्या टँकरच्या रांगा लागत होत्या. लागोपाठच्या दुष्काळात मेंढरं विकून मावशी नवऱ्यासोबत शहरात आल्या होत्या. नवरा शेजारच्या बांधकामावर वॉचमन, त्या माझ्याकडे झाडलोटीला. अक्षरओळख बेताची, पण आकडे पक्के, म्हणून वजन-उंची घेण्याचं काम हळूहळू त्यांच्याकडेच गेलं. "तुमच्या ह्या बिल्डिंगीच्या जागी आमची मेंढरं बसायची," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यांचा आवाज असा, की नव्या पेशंटला क्लिनिक त्यांचंच वाटावं.

भिंतीवर माझा बीएमआयचा तक्ता होता. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं आणि आकडा कुठल्या रंगात पडतो ते बघायचं. कमी वजन पिवळं, बरोबर हिरवं, जास्त लाल. माझी त्या तक्त्यावर भारी श्रद्धा. मावशींची नव्हती. "मेंढराला लोकर असती ताई," त्या म्हणत. "वरून समदी गुबगुबीत. हात घातल्याबिगर कळत नाय."

एकदा मोंढ्यातला एक हमाल आला. तक्त्यात लालभडक. मी त्याची भाकरी निम्म्यावर आणायला निघाले होते. मावशींनी त्याचा दंड चाचपला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ह्याला उपाशी ठिवलं तर पोती कोण उचलंल? ह्यो समदा कामाचा माणूस हाय." दुसऱ्याच आठवड्यात बँकेतले एक साहेब आले, हिरव्या रंगाच्या अगदी मधोमध. मावशी पुटपुटल्या, "हातापायावर दुष्काळ, पोटावर सुकाळ." मी कंबर मोजली, रक्त तपासायला पाठवलं, तर साखर निघाली. मी खजील झाले, पण साहेब वेळेवर सापडले याचं बरंही वाटलं. मावशींनी मात्र माझं नाक कापलं असं कधी दाखवलं नाही. सैल कपड्यांत स्वतःला लपवणारी एक कॉलेजची मुलगी पाठीला हात लावू देईना. आकडा पिवळ्याच्या अगदी तळाशी आला, तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "आज तुमचा कागद खरं बोलला. मला नसतं कळलं."

आई गेल्यावर माझ्या वडिलांनी, नानांनी, जेवणच टाकलं होतं. कोर्टातून निवृत्त झालेले, मुळात सडपातळ, ते आणखी वाळले. दर रविवारी गुलमंडीजवळच्या घरातून रिक्षानं ते माझ्याकडे येत आणि मी त्यांचं वजन घेई. मावशींना रविवारी सुट्टी असे. दिवाळीपर्यंत नानांना हिरव्यात आणायचंच, असं मी ठरवलं होतं. महिनाभर वजन वाढतच गेलं. शेवटी एका रविवारी आकडा हिरव्यात आला. मी गुलमंडीवरून जिलबीसारखी पाकातली इमरती मागवली आणि मावशींनाही मुद्दाम बोलावून घेतलं.

मावशींनी इमरतीला हात लावला नाही. त्या नानांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मग खाली बसून त्यांनी नानांचा पायजमा जरा वर सारला, मोजा उतरवला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"ताई, हे मास नाय. पाणी हाय."

"अहो मावशी, वजन वाढलंय त्यांचं!" मी चिडलेच.

"दुष्काळात तळ्याच्या बुडाचं गढूळ पाणी पिऊन मेंढरू जबड्याखाली फुगतं. घेणारा खुळा म्हणतो, लठ्ठ हाय. घरी न्हेतो, आन्..." समोर नाना होते, म्हणून त्या थांबल्या. "दंड बगा की त्यांचा. काठी झालीया."

नाना ओशाळले. "रात्री आडवं झालं की दम लागतो," ते म्हणाले. "उशांना टेकून बसून झोपतो. पण तू आकडा बघून इतकी खूश व्हायचीस... म्हटलं, राहू दे."

लोकांच्या बापांना मी नाही नाही ते प्रश्न विचारत होते आणि माझ्या बापाला मी फक्त काट्यावर उभं केलं होतं.

तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. हृदय दमलं होतं, अंगात पाणी साठत होतं. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. औषधं सुरू झाली आणि आठवडाभरात नानांचं वजन सहा किलोंनी उतरलं. नाना पुन्हा पिवळ्यात गेले. पिवळा रंग बघून मी आयुष्यात पहिल्यांदा आनंदानं रडले. मावशी भेटायला आल्या, दंड चाचपून म्हणाल्या, "आता खरे नाना दिसाया लागले. लई वाळलेत. आता घाला खायाला."

तक्ता मी काढला नाही. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. चूक बघणारीची होती. फक्त आता आकडा काढल्यावर माझं काम संपत नाही. कंबरेला टेप लागतो, नडगीवर अंगठा जातो, आणि झोप कशी लागते हे मी प्रत्येकाला विचारते.

पुढं पाऊसपाणी बरं झालं, मावशींच्या मुलानं गावाकडे पाच-सहा मेंढ्या घेतल्या आणि मावशी गेल्या. जाताना मला रडू आवरेना. त्या म्हणाल्या, "येडी का काय!" आणि रिक्षात बसल्या.

वर्षभरानं मी त्यांना फोन केला. नानांचं नवं वजन, नवा बीएमआय उत्साहानं सांगू लागले.

"ते ऱ्हाऊ द्या. नाना हायत कुठं?"

"औरंगपुऱ्यात गेलेत, भाजी आणायला."

"रिक्षानं?"

"नाही, पायी. कुणाला सोबतही घेत नाहीत."

"मग ठिवा फोन ताई," मावशी म्हणाल्या. "नळाला पाणी आलंय."