टेकू काढून ठेवणारा चोर

वरूडकडच्या एका संत्रा बागेतली ती चोरी मी अजून विसरलेलो नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कायद्याची कलमे पाठ होती. माणसे समजायला मात्र फार वेळ लागला.

आंबिया बहर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास येणारे संत्र्याचे पीक, तोडणीला आला होता. मी तिथल्या ठाण्यात फौजदार होतो. एक शेतकरी ठाण्यात आला. बागेतल्या चार ओळींची फळे गेली होती. संशय कोणावर, असे विचारताच तो म्हणाला, "बायकोवर. चार महिन्यांपासून माहेरी हाय. फारकतीची केस चालू हाय." आम्ही गुन्हा नोंदवला, घटनास्थळाचा पंचनामा केला आणि आसपासच्या पॅकिंग केंद्रांना कळवून ठेवले.

दोन दिवसांनी एका केंद्राच्या मुनिमाचा फोन आला. "साहेब, एक बाई माल घेऊन आली आहे. पण ही चोराची ओरबाडलेली तोड नाही. प्रत्येक फळाला देठ आहे, कात्रीने कापलेला."

मी पुन्हा बागेत गेलो. फळांच्या ओझ्याने फांदी मोडू नये म्हणून खाली बांबूचे टेकू देतात. तोडलेल्या झाडांखालचे टेकू काढून बांधावर नीट रचलेले होते. एकही डहाळी मोडली नव्हती. पहिल्या पंचनाम्यात मी फक्त 'बांबू, एक ढीग' एवढेच लिहिले होते. चोर पुढच्या बहराची काळजी करत नाही, हे तेव्हाच सुचायला हवे होते.

माल आणणारी बाई त्या शेतकऱ्याची बायकोच निघाली. महिला हवालदारासमोर मी तिची चौकशी केली. तिने काहीच नाकारले नाही.

"तोडली कावून?" मी कारण विचारले.

"नवरा म्हणे, यंदा व्यापारी आलाच नाही. मंग फळ झाडावर सडू देऊ का, सायेब? खड्डे खंदले मी, कलमं लावली मी. मी तोडली तं चोरी, अन् त्यानं इकली तं सौदा?"

अटक करणे सोपे होते. पण 'व्यापारी आलाच नाही' हे वाक्य मला खटकले. चौकशी केली तेव्हा कळले, महिन्याभरापूर्वीच नवऱ्याने बागेतली सगळी फळे झाडावर असतानाच विकून इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतला होता. व्यापाऱ्याने ठाण्यात येऊन दोघा नवरा-बायकोंसमोर स्वच्छ सांगितले, "साहब, पैसे तर मी यांच्याच हातात देले."

नवऱ्याने मान खाली घातली. "सातबारा माह्या नावावर हाय," तो पुटपुटला.

"अन् उन्हाळाभर पाणी कोणं देल्लं? सातबाऱ्यानं?" बाई म्हणाली. हवालदारबाईंनी हसू लपवायला रजिस्टर उघडले.

समुपदेशन कक्षात तीन बैठका झाल्या. एकत्र राहायला दोघेही तयार नव्हते आणि आम्हीही आग्रह धरला नाही. बहराचे पैसे निम्मे-निम्मे, तोडलेला माल तिच्या वाट्यात धरायचा, व्यापाऱ्याने दोघांच्या खात्यांत वेगवेगळे भरायचे, असे लेखी ठरले. पुढे न्यायालयात तडजोडीने गुन्हा मिटला.

मी चुकत असेन कदाचित, पण संसार मोडताना माणसे पैशापेक्षा जास्त भांडतात ती आपले कष्ट कोणी मोजले नाहीत म्हणून. फिर्याद लिहिताना मालक कोण, हे आम्ही विचारतो. राबले कोण, हेही विचारायची सवय मला त्या प्रकरणाने लावली.

पुढच्या बहराला व्यापाऱ्याने दोघांनाही बागेत बोलावले. तो नंतर मला सांगत होता, "एकमेकांशी एक शब्द नाही बोलले, साहब. पण भाव कमी सांगितला, तर दोघं मिळून माझ्याच अंगावर आले."