ब्रेकच्या दिव्याचा फ्यूज

नर्सबाईंना राग यायला वेळ लागत नसे. घरोघरी जाऊन जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची आणि पेशंटची आबाळ दिसली की घरच्यांना चार शब्द सुनवायचे, यात त्यांची उमर गेली होती. गाडी त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली. तिला हात लावायची मुभा फक्त धाकट्या दिरांना, तीही नवऱ्याने गळ घातली म्हणून. दीर समारंभांचे फोटो काढायचे. कॅमेरे, दिवे, स्टँड असा सगळा पसारा न्यायला त्यांना गाडी लागे, म्हणून दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची.

या वेळी त्यांनी गाडी आणून ठेवली ती सीट पार मागे ढकलून. दीर ताडमाड, नर्सबाई चणीने लहान. सीटखालची दांडी ओढून पाहिली, पण सीट ढिम्म हलेना. पाठीशी दोन उशा कोंबून त्या तशाच कामावर जाऊ लागल्या. ब्रेकपर्यंत पाय पोचवताना रोज भाऊजींचा उद्धार व्हायचा.

एकदा सिग्नलला मागचा टेम्पो करकचून थांबला. ड्रायव्हर उतरून खिडकीशी आला.

"बाई, तुम्ही ब्रेक मारता तेव्हा मागचा एकही दिवा लागत नाही. मला कळायचं कसं? आज थोडक्यात वाचलात."

मागच्या सीटवर डोळ्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा बसले होते. "काय झालं हो?" त्यांनी विचारलं.

आजोबांना सांभाळून घरी सोडलं आणि त्या तरातरा परत आल्या. नवऱ्याला अंगणात बोलावलं. "दोन्ही बल्ब एकदम जात नसतात. फ्यूजच गेला असणार. मागे उभे राहा, दिवा लागला की सांगा."

आधी त्या सीटखाली वाकल्या. मोबाइलच्या उजेडात दिसलं, रुळात काहीतरी काळं अडकलं होतं. विणायच्या सुईने उचकटून काढलं, तर कॅमेऱ्याच्या भिंगाचं झाकण. सीट सरकन पुढे आली. झाकण त्यांनी अंगणात भिरकावलं.

मग गाडी बंद करून स्टिअरिंगखालचं फ्यूजचं झाकण उघडलं. कुठला फ्यूज कशाचा आणि कोणत्या रंगाचा, हे झाकणाच्या आतच छापलं होतं. ब्रेकच्या दिव्याची जागा त्यांनी बोटाने शोधली. तिथे जळका फ्यूज नव्हता. फ्यूजच नव्हता. आणि चार्जरच्या जागी, जिथे निळा हवा, तिथे लाल बसवलेला. ब्रेकचा.

"हा उचलून तिकडे लावलाय," त्या सावकाश म्हणाल्या. "फोन चार्ज करायला माझे ब्रेकचे दिवे काढले?"

दोघांच्या संसारात नवऱ्याचा ठरलेला शब्द 'जाऊ दे'. तो आज येईना, तेव्हाच त्यांना शंका आली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"चार्जरचा फ्यूज उडाला, फोनवरचा नकाशा बंद पडत होता, म्हणाला. नवीन आणून बसवतो, तोवर वहिनींना बोलू नको. मग मीही विसरलो."

"विसरलात." नर्सबाईंनी फ्यूज उपटला आणि त्याच्या जागी बसवला. "मी रोज याच गाडीतून आजारी माणसं नेते. तुमच्या भावाचा नकाशा चालू राहिला पाहिजे, आम्ही मेलो तरी चालेल."

"असं काय बोलतेस?"

"मागे जा. दिवा बघा."

त्यांनी ब्रेक दाबला. "लागला," नवरा म्हणाला. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा विचारलं, आणि तो हो म्हणाला तरी खाली उतरल्या. पेडलवर काठी टेकवून सीटमध्ये अडकवली आणि मागे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आज त्याच्या शब्दावर त्यांचा भरवसा नव्हता, आणि हे त्यालाही कळलं.

मग दिरांना फोन. "भाऊजी, ब्रेकचा फ्यूज चार्जरच्या जागी सापडला. किल्ली आणून द्या."

"अहो वहिनी, एवढ्याशा फ्यूजवरून?"

त्यांनी फोन ठेवला.

किल्ली आणायला शेवटी नवराच गेला. धाकट्या भावाशी तो जन्मात भांडला नव्हता. परत आला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि आवाज बसला होता. किल्ली त्याने टेबलावर ठेवली. दीर त्यानंतर बरेच महिने घरी फिरकले नाहीत.

त्या दिवशी नर्सबाईंनी किल्ली उचलली. शाबासकी दिली नाही. "जेवून घ्या," एवढंच म्हणाल्या आणि आपलं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेल्या.