धनसिंग कारभारी जिंकले तो दिवस

मी जलद गाडीवाला माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी धनसिंग कारभाऱ्यांचं कौतुक करायला लागलो तर मी त्यांच्या बाजूचा होतो असं कुणाला वाटायला नको. नव्हतो. आजही नाही. हिंगोलीच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून होतो, राहायला वारंगा फाट्याजवळच्या डोंगरकड्याला, आणि जाण्यायेण्यात माझं निम्मं आयुष्य एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून गेलं. ज्याला रोज उशिरा येऊन साहेबाच्या टेबलासमोरून मान खाली घालून जावं लागतं, त्याला थांब्यांचं प्रेम शिकवू नये.

हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. आधी जिल्ह्याच्या कामाला परभणी गाठावी लागे, आता सगळ्यांचे पाय हिंगोलीकडे वळले. नांदेडहून येणाऱ्या गाड्या सकाळी वारंगा फाट्यावर पोचेपर्यंत खच्चून भरलेल्या असत. थांबल्या तर थांबल्या, नाहीतर आम्ही धूळ खात उभे. विनंत्या करून करून थकलो तेव्हा कुठं डेपोतून निरोप आला, की फाट्यावरून सकाळची एक नवी गाडी सोडू. पण गाडी एकच. ती मोजक्या थांब्यांची जलद पाहिजे, की हात दाखवील तिथं थांबणारी साधी, ते तुम्ही लोकांनी एकमतानं ठरवून कळवा. एकमतानं म्हणे. निरोप धाडणाऱ्यानं आमचा फाटा कधी पाहिला नसावा.

जलद म्हणजे फाटा, आखाडा बाळापूर, कळमनुरी आणि थेट हिंगोली. साधी म्हणजे मधली सगळी खेडी, वस्त्या, तांडे आणि बांधावर टोपली घेऊन उभी असलेली प्रत्येक बाई. नोकरदार, व्यापारी, कॉलेजच्या पोरांचे बाप जलदच्या बाजूला, खेड्यातांड्यांची माणसं साधीच्या. पुढचा महिनाभर फाट्यावर दुसरा विषयच नव्हता. चहा गार होत होते आणि माणसं तापत होती.

धनसिंग जाधव हे मोहतांड्याचे कारभारी. फाट्यापुढं बाळापूरच्या रस्त्याला, उतारावर हा तांडा. तांड्यात नायकाच्या खालोखाल कारभाऱ्याचा मान. भांडण मिटवायचं, सोयरीक जुळवायची, बाहेरच्या माणसांशी बोलायचं ते त्यानं. धनसिंगांचे आजे-पणजे बैलांवर धान्य नि मीठ लादून मुलूखभर हिंडले; हे मात्र तांड्याखालची कोरडवाहू जमीन कसत. उंच, हाडापेरानं मजबूत, शाळा चौथीपर्यंत. आवाज न चढवता समोरच्याला गप्प करायची त्यांची हातोटी मी भल्याभल्या वकिलांत पाहिली नाही. घरात बायको मिराबाई आणि दोन मुली. थोरली शिला तांड्यातली पहिली दहावी पास पोरगी, आणि तीही अशा मार्कांनी की तिला हिंगोलीच्या कॉलेजात अकरावी सायन्सला सहज प्रवेश मिळाला. तिला नर्स व्हायचं होतं. वसतिगृहात नंबर लागला नाही, हिंगोलीत नातं ना गोतं. रोज जाऊन येऊन शिकायचं, दुसरा मार्ग नव्हता.

गाडीचा निकाल लावायला फाट्यावर सगळ्यांची सभा ठरली. तिच्या काही दिवस आधी धनसिंग मला बाजूला घेऊन गेले. जलद गाडी हिंगोलीला केव्हा पोचेल, म्हणून विचारलं. मी म्हणालो, कॉलेजच्या घंटेआधी. आणि साधी आली तर? साधी आली तर सकाळचं प्रॅक्टिकल बुडालंच समजा, आणि प्रॅक्टिकलशिवाय सायन्स म्हणजे मिठाशिवाय पिठलं. त्यांनी नुसती मान हलवली. जलद गाडी तांड्यावर थांबणार नव्हती, पण शिला फाट्यापर्यंत सायकलनं येईल, असं तेच म्हणाले. जुन्या सायकलची चौकशीही करून ठेवली होती. मी खूश झालो. एक माणूस आपल्या बाजूला आला, आणि तोही साधासुधा नाही, तांड्याचा कारभारी.

सभेच्या आदल्या संध्याकाळी तांड्यात काय झालं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नायक मोहनसिंगांच्या अंगणात बैठक बसली होती. तांड्याची रीत अशी, की बैठकीत ज्याला जे वाटतं ते त्यानं मोकळेपणी बोलावं, हवं तर भांडावं, पण एकदा ठरलं की बाहेर तांड्याचं तोंड एकच. धनसिंग बैठकीत पोरीसाठी बोलले. काकुळतीला येऊन बोलले, असं नंतर कानावर आलं. पण तांड्यातल्या घराघरातल्या बाया बाळापूर-कळमनुरीच्या बाजारात दही, शेंगा, भाजी विकून चूल पेटवत, आणि मिराबाई त्यांतल्याच. गाडी दारावरून निघून गेली तर भरलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत तंगडतोड. मिराबाई त्या बैठकीत लेकीच्या बाजूनंही बोलल्या नाहीत आणि टोपलीच्या बाजूनंही. शेवटी म्हातारे नायक म्हणाले, पोरगी एकाची आहे, थांबा सगळ्यांचा आहे. ठरलं. आणि ठरलेलं बाहेर मांडायचं काम कारभाऱ्याचं.

सभा मोहियोद्दीनच्या टायरच्या दुकानापुढच्या शेडात भरली, कारण तेवढी सावली दुसरीकडं नव्हती. आधी आमच्या बाजूचे बोलले. मीही बोललो, आणि बरं बोललो. गाडी जितकी थांबेल तितकी माणसं तिला सोडून देतील, मग उत्पन्न नाही म्हणून गाडीच बंद होईल, हा माझा मुद्दा होता आणि तो खोडून काढणं सोपं नव्हतं. टाळ्या पडल्या. त्या भरात मीच म्हणालो, आता मोहतांड्याचे कारभारी बोलतील.

धनसिंग उठले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

"तुमी म्हणता जलद गाडीनं अर्धा घंटा वाचतो," ते म्हणाले. "वाचतो, बराबर हाय. पण ज्याच्या दारावरून गाडी न थांबता जाते त्याचा सगळा दिवस जातो. तो दिवस कोणाच्या हिशेबात धरायचा? आमचे आजे बैलं घेऊन हिंडायचे. पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा असायची, पण चाल मागच्या बैलाची असायची. मागचा सुटला तर तांडा पोचला असं कोणी म्हणत नव्हतं."

मग त्यांनी एकेकाला हाताशी धरलं. व्यापाऱ्यांना विचारलं, तुमच्या दुकानावर बाजारच्या दिवशी गर्दी कोणाची असते, ती बाई बाजाराला आलीच नाही तर लुगडं कोण घेईल? आम्हा नोकरदारांना म्हणाले, तुमचा साहेब रागावतो हे खरं, पण साहेबाची समजूत काढता येते, बाजाराची काढता येत नाही. माझा उत्पन्नाचा मुद्दा तर त्यांनी असा उलटा केला की माझं मलाच नवल वाटलं: रोज तिकीट काढणाऱ्या इतक्या बाया रस्त्यावर उभ्या असताना रिकामी पळणारी गाडी जास्त दिवस टिकेल की भरून चालणारी? जलदसाठी आलेली माणसं माना डोलवायला लागली. मला संताप आला. वकील आपण आणावा आणि त्यानं समोरच्याची बाजू लढवावी, अशी माझी गत.

आमच्या गावचे कापडवाले रामप्रसाद यांचा मुलगाही त्याच कॉलेजात होता. बाजी हातची जातेय हे पाहून त्यांनी बसल्या जागेवरूनच विचारलं, "कारभारी, तुमची पोरगी सायन्सला चालली ना? मग ती येळेवर कशी पोचल?"

धनसिंगांनी खांद्यावरचा रुमाल काढला, तोंड पुसलं.

"न्हाई पोचणार," ते म्हणाले आणि खाली बसले.

हात वर झाले तेव्हा साधी गाडी जिंकली, आणि जलदवाल्यांतलेही अर्धे हात तिकडं गेले. मोहियोद्दीननं उठून धनसिंगांना पाणी दिलं. मी मात्र त्यांच्याशी न बोलता निघून आलो. घर जाळून कोळशाचा व्यापार म्हणतात तो हाच, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

गाडी सुरू झाली. रोज मी त्याच गाडीनं जायचो, त्यामुळं पुढचं सगळं खिडकीतून पाहिलं. तांड्याच्या थांब्यावर धनसिंग रोज सकाळी उभे असत. बायांच्या टोपल्या ते स्वतः उचलून आत द्यायचे, सुट्टे पैसे आधीच हातात घ्यायला लावायचे, दारात गप्पा मारणारीला दम द्यायचे. शिला सगळ्यांत शेवटी चढायची. त्यांच्या थांब्यावर गाडी जेवढी कमी वेळ थांबे तेवढी दुसरीकडं कुठंच नाही. पण धनसिंग एका थांब्यावर उभे राहू शकत होते. पुढं कुणाची शेळी असायची, कुणाचं गाठोडं, कुणाचं पोरगं अजून चप्पल शोधत असायचं. वाचवलेला वेळ दोन गावांत खलास. शिला मांडीवर वही धरून बसायची आणि गाडी पुन्हा थांबली की डोळे मिटायची. मला तिच्याकडं पाहवत नसे.

दिवाळीनंतर ती कळमनुरीलाच उतरायला लागली. सायन्स सोडून तिनं तिथं आर्ट्सला नाव घातलं होतं. कळमनुरीला ती गाडी वेळेवर पोचायची.

पुढं तिचं लग्न औंढ्याकडच्या एका तांड्यात झालं. तिथं ती अंगणवाडी चालवते. बरं चाललंय. जावई शांत माणूस आहे. पण सुईला न घाबरणारी, मार्कांत अव्वल असलेली ती पोरगी नर्सच व्हायला हवी होती, हे मी कुणापुढंही म्हणेन. इकडं रस्त्यावर काळ्या-पिवळ्या जीपगाड्या आल्या, बाया त्यांतून बाजाराला जाऊ लागल्या, आणि ज्या गाडीसाठी आम्ही भांडलो ती निम्मी रिकामी धावू लागली. माझा राग केव्हाच उतरला होता. धनसिंगांच्या घरी माझं येणंजाणं सुरू झालं होतं.

सन दोन हजार आठ असेल. धाकटी दिपा हिच्या साखरपुड्याला मला बोलावणं होतं. पाहुणे यायचे होते. अंगणात बाजेवर मी आणि धनसिंग चहा घेत बसलो होतो, शिला जवळच सुपात तांदूळ निवडत होती. धनसिंग खुशीत होते. मला म्हणाले, भाऊसाहेब, इतकी वर्षं झाली, आता सांगा, तेव्हा कोण बराबर होतं? मी म्हणालो, मी. ते मोठ्यानं हसले.

शिला हसली नाही. सुपातून नजर न काढता तिनं विचारलं, "बा, एक इचारू? बैठकीत ठरलं होतं, तुमी बोलायला जाणारच होता. त्याचा मला राग न्हाई. पण इतकं चांगलं काहून बोलला? थोडं कमी चांगलं बोलला असता तर तांड्याचा शब्दही राह्यला असता, आन् माझं सायन्सही."

मी चहाच्या कपात पाहू लागलो. धनसिंगांनी कप बाजेखाली ठेवला. भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस शब्द शोधत होता.

"तिथं मला तुझंच तोंड दिसून राहिलं होतं," ते शेवटी म्हणाले. "जीभ ढिली पडून राहिली होती. आता तांड्याचा शब्द मोडतो, असं वाटलं. म्हणून जास्त जोर लावला."

शिलाचे हात थांबले. तिनं बापाकडं पाहिलं.

"मला वाटलं, माझी तुमाला आठवणच न्हाई आली," ती म्हणाली.

पाहुण्यांची जीप दिसली म्हणून मिराबाईंनी आतून दोनदा हाक मारली. मी उठलो आणि रस्त्याकडं निघालो. ती दोघं तिथंच बसून राहिली.