तिच्या नावाची डिस्क

ती तक्रार आजही लक्षात आहे, कारण तिच्यात आरोपी सापडला तरी मला समाधान मिळालं नाही.

मी तेव्हा तळवडे भागात पोलीस निरीक्षक होते. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचा व्यवस्थापक अर्ज घेऊन आला. त्यांच्या नव्या भागाची ड्रॉइंग बाहेर फुटली होती. चोर कोण, हेही त्यानेच सांगितलं. केस अशी ताटात वाढून मिळाली की मी आधी ताट तपासते.

त्या कंपनीत टेबलावर नुसता पडदा आणि की-बोर्ड. खरा कॉम्प्युटर सर्व्हरवर. काम संपवून बाहेर पडलं की तो पुसला जातो, सकाळी कोरा मिळतो. टिकते ती फक्त प्रत्येकाच्या नावाची डिस्क. माणसाच्या फायली, खुणा, सवयी तिच्यात राहतात आणि लॉगिन केलं की ती आपोआप जोडली जाते. फुटलेली ड्रॉइंग एका ठेक्यावरच्या मुलीच्या डिस्कवर, एका फोल्डरमध्ये एकत्र बांधून ठेवलेली सापडली होती.

मुलगी चाकणजवळच्या खेड्यातली, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी. महिला अंमलदारासमोर तिचा जबाब घेतला.

"ह्या फायली तुझ्या?"

"न्हाई मॅडम. आल्यापास्नं तिथंच हायेत."

"मग कुणाला विचारलं का नाहीस?"

"नव्या मानसानं विचारलं की 'एवढंबी कळत न्हाई का' म्हणत्यात. मंग मी विचारायचंच सोडलं."

व्यवस्थापकाला हे हास्यास्पद वाटलं. "मॅडम, चोर असंच बोलणार. अटक करा, आम्ही आजच काढून टाकतो." मी त्याला बाहेर बसायला सांगितलं. अटक झाली असती तर त्या पट्ट्यात तिला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. ठेकेदार एकमेकांना फोन करतात.

दुसऱ्या दिवशी कंपनीत पंचनामा होता. दोन पंच, सिस्टीम सांभाळणारा तरुण, ती मुलगी आणि मी. तिच्या लॉगिनने डिस्क उघडली. काम चालू असताना चहा आला आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उघडला: 'आईला फोन कर.'

"कर फोन. आम्ही थांबतो," मी म्हणाले.

"आई न्हाई मॅडम. मी बारावीला आसतानाच गेली."

"मग हे कुणी लावलं?"

"ठावं न्हाई. रोज येतं."

मी सिस्टीमवाल्याकडे पाहिलं. तो चहाच्या कपात बघत होता.

"बोला राव," एक पंच म्हणाला, "चहात उत्तर न्हाई."

मग तो बोलला. ठेक्याची माणसं सारखी बदलतात. दर वेळी नवी डिस्क बनवायची तर मंजुरी घ्या, कामाचे प्रोग्रॅम पुन्हा बसवा. म्हणून तो सोडून गेलेल्याची डिस्क नव्या जागेवर कॉपी करायचा आणि आलेल्याच्या नावाला जोडून द्यायचा. कॉपीमुळे फायलींच्या तारखाही नव्या दिसायच्या. तपासात सगळ्यांनी नाव पाहिलं, तारीख पाहिली.

तिच्या आधीचा माणूस मराठवाड्यातला होता. आता हिंजवडीत दुसऱ्या कंपनीत होता. त्याला ठाण्यात बोलावलं. दुपारपर्यंत त्याने कानावर हात ठेवले. चहा आला, तसा तो सवयीने म्हणाला, "मॅडम, घरी एक फोन करू का? आई वाट बघत असते."

"कर. मग बसून सगळं नीट सांग."

फोन झाल्यावर त्याने कबुली दिली. कबुलीवर मी कधी विसंबले नाही. त्याच्या खासगी मेलवरून ड्रॉइंग पाठवल्याचा पुरावा मिळाला, तेव्हाच स्टेशन डायरीत नोंद केली.

मुलीची नोकरी वाचली. तिला नवी, कोरी डिस्क मिळाली. शेवटची सही घ्यायला गेले तेव्हा ती रिकाम्या पडद्यासमोर बसली होती.

"ते चहाच्या वेळेचं परत टाकता यील का?" तिने विचारलं.

"ती डिस्क जप्त आहे. आणि तुला कशाला हवं?"

"दिवसभर माझ्याशी कुणी बोलत न्हाई. त्ये एक यायचं."

"मग तू स्वतः लाव. सोपं असतं."

"लावते की. पन फोन कुनाला कर म्हनून लिवू?"

मी कागद पुढे केला. तिने सही केली. मी निघाले.

नावापेक्षा सवय खरी साक्ष देते, हे मला त्या केसने शिकवलं. पुढे तपासात ते अनेकदा कामी आलं. वस्तू कुणाच्या नावावर आहे यापेक्षा ती कुणाच्या हाताला सरावलेली आहे, हे मी आधी विचारू लागले.

मुदतीआधी निवृत्ती घेऊन आता मी पुनावळ्यात राहते. सकाळच्या हजेरीचा गजर माझ्या फोनवर अजून वाजतो. बंद करायला एक बोट पुरेल. त्या जागी दुसरं काय लावायचं ते ठरलं, की करीन.